रत्नाबाईची सावड

रत्नाबाई दूध घ्यायची तर आधी बोट बुडवून नखावर थेंब धरायची. मिठाची पुडी सोडली की चिमूटभर जिभेवर ठेवून कचकच लागते का ते बघायची. पौडच्या बाजारातले चार दुकानदार तिला नावानं ओळखत, आणि ती लांबून येताना दिसली की चौघंही तराजूची पारडी पुसून ठेवत. धामणवाडीत लोक म्हणत, ही बाई दिवस उगवला तरी दोनदा बघून खात्री करून घेईल.

तिच्या या स्वभावाला कारण होतं. तिचं माहेर मुळशीच्या धरणाच्या पाण्यात गेलं. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. गावातल्याच एका शहाण्यानं तिच्या बापाला सांगितलं होतं की पाणी देवळाच्या पायरीला लागेल आणि थांबेल, तुझं घर उंचावर आहे. बाप त्या शब्दावर बसून राहिला. पाणी पायरी चढलं, वर आलं, एका सकाळी गोठ्यात शिरलं. बाप डोक्यावर भाताची कणगी घेऊन निघाला तेव्हा खालचं निम्मं भात भिजून गेलं होतं. सांगणाऱ्याचं ऐकावं, पण बघावं आपल्या डोळ्यांनी, एवढी एकच इस्टेट त्यानं पोरीला मागं ठेवली.

रत्नाबाईला दिली होती धामणवाडीच्या नथूला. पौडपासून मावळतीला दोन कोसांवर डोंगराच्या कुशीत ही वाडी. नथू बायकोच्या अगदी उलट. कुणी काही सांगितलं की मान हलवायची आणि कामाला लागायचं. एक मुलगी झाली, तुळजा. तिला कासारसाईला दिली. मागं घरात दोनच माणसं, एक बैलजोडी आणि भाताची पाच खाचरं.

नथूची चिखलणी सगळ्या वाडीत नावाजलेली. त्याच्या हाताखालचा चिखल लोण्यासारखा व्हायचा, रोप नुसतं टेकवलं तरी उभं राहायचं. सावडीत त्याला मान होता तो त्यामुळं. सावड सात घरांची. आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. बाप्यांनी बैल घालून चिखल करायचा, बायांनी मागून रोपं लावायची. लावणीचा पाऊस थोडेच दिवस हाताशी असतो, एकट्या घराच्यानं तेवढ्यात काही उरकत नाही. सावडीबाहेर पडलेल्या घराची खाचरं पडीक राहणार, हे पोराटोरांनाही माहीत.

सावडीचा कारभारी होता भिवाजी, नथूचा थोरला चुलतभाऊ. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दहा वर्षांमागं कुणाचा बैल दुपारनंतर लंगडला आणि कोण न्याहारीला जास्त वेळ बसलं, हे तो न चुकता सांगे. संशय घेण्यात भिवाजी आणि रत्नाबाई एकाच मापाची माणसं होती. त्यामुळं दोघांचं कधी फारसं जमलं नाही.

सत्तावन्न सालच्या आषाढात नथूचं काहीतरी बिघडलं.

पहिल्यांदा ते पाण्यावरून लक्षात आलं. बायांसाठी बांधावर ठेवलेली घागर नथू तोंडाला लावू लागला. तासाभरात घागर रिकामी. भिवाजीची बायको धोंडाबाई तोंडाची फटकळ. ती रोपं लावता लावता म्हणाली, "आवं भावजी, आमच्यासाठी घोटभर तरी ठिवा. वरनं पाऊस पडतुया आन तुमी खालनं हीर उपसताय."

बाया हसल्या. नथूही कसनुसा हसला, आणि बैल उभे करून करवंदीच्या जाळीमागं गेला. अर्ध्या तासानं पुन्हा गेला. दुपारपर्यंत पाच-सहा वेळा गेला. भिवाजी औतामागं उभा राहून त्या जाळीकडं बघत होता.

"त्या जाळीत काय पुरून ठिवलंय यानं?" तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला.

ते दारूबंदीचे दिवस होते. दारू उजळ माथ्यानं मिळत नव्हती, म्हणून ओढ्याच्या कडेनं आणि जाळीजाळीतून फिरायची. भिवाजीचं बोलणं रत्नाबाईच्या कानावर गेलं. हाच संशय तिला चार दिवसांपासून येत होता. नथूच्या तोंडाला वास येत होता. झाडाखाली सडा पडलेली जांभळं दोन दिवस उन्हात राहिली की येतो, तसा गोडसर, आंबूस वास.

"खरं सांगा, कुटं पिता?" तिनं घरी आल्यावर विचारलं.

"पाणीच पितोय की गं."

"पाण्याला वास येतो व्हय?"

"तोंड लई कोरडं पडतंय. वासाचं मला काय ठावं."

तिला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो जाळीमागं गेला तेव्हा ती हळूच मागून गेली. नथू एका सागाच्या बुंध्याला टेकून डोळे मिटून उभा होता, बस्स. तो परतल्यावर तिनं काठीनं जाळीखालची माती उकरून बघितली. बाटली नाही, मडकं नाही. काही सापडलं नाही म्हणून तिचा संशय मिटला नाही. आपली जागा चुकली, असं तिला वाटलं.

त्यातच चुलीवरच्या वलणीला वाळत घातलेल्या त्याच्या धोतराकडं मुंग्यांची रांग लागलेली तिला दिसली. रांग भिंतीवरून निघून थेट धोतरावर चढत होती. धोतर झटकलं, मुंग्या पुन्हा आल्या. मग तिनं वेगळाच हिशोब मांडला. हा गूळ चोरून कनवटीला लावतो आणि दारूवर चाखतो. गाडग्यातल्या गुळाच्या खड्यावर तिनं नखानं खूण केली. चार दिवसांनी बघितलं तर खूण जशीच्या तशी, आणि मुंग्यांची रांगही जशीच्या तशी. रत्नाबाईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या डोळ्यांवरच संशय आला.

एवढं होईतो नथूच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. पण चिखलात राबणाऱ्या माणसाच्या बरगड्या आषाढात दिसतातच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

भिवाजीच्या थोरल्या खाचरात चिखलणी चालू असताना नथू औतामागंच मटकन खाली बसला. बैल मोकळे सुटले आणि शेजारच्या नुकत्याच लावलेल्या रोपांतून चालत गेले. भिवाजी धावत आला. त्यानं नथूला बखोटीला धरून उठवलं, आणि उठवता उठवता त्याचं नाक नथूच्या तोंडाजवळ गेलं.

"या रं सगळे," भिवाजी म्हणाला. "वास घ्या याचा. मी म्हनतोय म्हनून नको, आपापल्या नाकानं घ्या."

एकेक जण पुढं आला. वाल्मीक नावाचा भावकीतला भला माणूस होता, तो तेवढा लांब उभा राहिला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"माजा मालक पीत न्हाई," रत्नाबाई चिखलातूनच म्हणाली.

"मग वास कशाचा?"

घरात त्याच्यावर जो आळ घेऊन ती पंधरा दिवस भांडत होती, तोच आळ बाहेर खोडून काढायची वेळ आली होती.

"हे बघ रत्नाबाई," भिवाजी म्हणाला, "हा जेवढं राबला तेवढं तुमचं रान आमी लावू. शब्द मोडायचा न्हाई. पर पुढच्या सालापासून तुमचं तुमी बघा. दारुड्यामागं बैल घालून रोपं तुडवून घ्यायला सावड न्हाई."

त्या साली पाच खाचरांतली तीन लागली. दोन तशीच राहिली, त्यांत बेडूक ओरडत बसले.

पडीक खाचरं बघून रत्नाबाई रडली नाही. तिला पुरावा हवा होता. नवरा पितो, का भिवाजी खोटं बोलतो, एकदा काय ते कळू दे. तिनं वाल्मीकची गाडी मागून घेतली आणि नथूला त्यात आडवं घालून पौडच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर पुण्याकडचे, तरुण होते. त्यांनी विचारलं, "काय होतंय यांना?"

"व्हत काय न्हाई. तुमी फकस्त वास घ्या, आन कागदावर लिवून द्या, दारू हाय का न्हाई."

डॉक्टर हसले आणि वाकले. वाकल्यावर त्यांचं हसू गेलं. त्यांनी नथूची जीभ बघितली, कातडी चिमटीत धरून बघितली. मग तहान किती लागते, लघवीला किती वेळा जातो, वजन कधीपासून उतरलं, असं एकामागून एक विचारत गेले. मुंग्यांचं रत्नाबाईनं आपण होऊन सांगितलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात नथूच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता भाजल्या विटेसारखं लाल.

"ही साखर," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह आहे यांना. दारूचा थेंबही नाही पोटात. साखर अंगी लागेनाशी झाली की शरीर आपली चरबी जाळायला लागतं, त्याचा हा वास. आजच्या आज पुण्याला न्यायला हवं."

रत्नाबाईनं नळीकडं बोट केलं. "निळ्या पाण्यातच काय घातलेलं असंल तर?"

"म्हणजे?"

"माजं बी करा. त्याच पाण्यात."

कंपाउंडर तोंडावर हात धरून बाहेर गेला. डॉक्टरांनी मात्र खरोखरच तेही करून दाखवलं. दुसरी नळी दिव्यावर उकळत राहिली, उकळत राहिली, आणि निळीच्या निळीच राहिली. रत्नाबाईनं दोन्ही नळ्या उजेडाला धरून बघितल्या. तेव्हा तिला पटलं. बाकावर बसून तिनं नवऱ्याकडं बघितलं. पंधरा दिवस आपण या माणसाला दारुड्या म्हणत होतो, आणि हा मान हलवत होता.

तरी निघताना तिनं चिठ्ठी मागून घेतलीच. "दारू न्हाई म्हनून लिवा." डॉक्टरांनी लिहून दिलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नथू चोवीस दिवस होता. खाट फुकट होती. पण खाटेखाली निजणाऱ्या बाईची भाकरी फुकट नव्हती, एसटी फुकट नव्हती, आणि बाहेरून आणायला सांगितलेली औषधं तर मुळीच नव्हती. कासारसाईहून जावई आला, त्याच्याकरवी तिनं जोडीतला उजवा बैल विकायला लावला. लागलेल्या तीन खाचरांची बेणणी करायला घरी कुणी नव्हतं. गवत भाताच्या वर गेलं. दुखणं नथूच्या अंगात होतं, पण खात होतं ते घर, गोठा आणि रान, सगळंच एकदम.

घरी सोडायच्या आधी दवाखान्यातल्या बाईंनी तिला सुई टोचायला शिकवलं. वांग्यावर. रोज सकाळी पिचकारी उकळायची, बाटलीतलं औषध रेघेपर्यंत ओढायचं, आणि जेवणाआधी मांडीत टोचायचं.

"किती दिस टोचायचं?"

"रोज."

"व्हय, पर किती साल?"

"जन्मभर, बाई."

रत्नाबाईच्या मनात आलं, जन्मभर लागेल असा माल विकायला कुणाला आवडणार नाही?

एक बाटली बारा-तेरा दिवस जायची. तिची किंमत बाईमाणसाच्या आठ दिवसांच्या मजुरीएवढी. म्हणजे बारा-तेरा दिवसांतले आठ दिवस रत्नाबाई बाटलीसाठी राबणार, आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत दोन पोटं भरणार. ऊन तापलं की ती हिरड्याला जायची, झाडाखाली वाकून वाकून हिरडा गोळा करायची, वाळवून पौडला न्यायची, आणि तिथूनच रिकाम्या हातानं परत न येता बाटली घेऊन यायची.

पौडला शब्बीर नावाचा किराणा दुकानदार होता. तो मालाला पुण्याला जाई, तेव्हा तिची बाटली आणून देई. रत्नाबाई बाटलीचं पत्र्याचं टोपण नखानं खरवडून बघे, रबराला भोक पडलंय का ते उजेडाला धरून बघे, बाटली हलवून बघे.

"मावशी," शब्बीर एकदा म्हणाला, "बाटलीत पाणी भरून विकायची अक्कल असती, तर मी हितं शेंगदाणे कशाला तोलत बसलो असतो?"

"शेंगदाण्यात खडे असत्यात तुझ्या."

"असत्यात. पर ते मी बाटलीत न्हाई घालत."

ती हसली, पण टोपण बघायचं काही सोडलं नाही. घरी नेल्यावर बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची आणि मडकं दाराआड. चोरीची भीती नव्हती, नजरेची होती.

नजर मात्र लागायची तशी लागलीच होती. पाणवठ्यावर धोंडाबाई म्हणे, "साखरेचा रोग शेटसावकाराला व्हतो, पेढं खाऊन. नाचणीची भाकर खानाऱ्याला कसा व्हईल? आन रोज सुई कशाची टोचतीया ही? नवऱ्याला मुठीत ठिवायचं काय तरी असंल." डॉक्टरांची चिठ्ठी रत्नाबाईनं भिवाजीपुढं धरली होती. भिवाजीनं ती उलटीसुलटी करून बघितली आणि परत दिली. "कागद हाय," तो म्हणाला. "कागदावर कुनीबी काय बी लिवतं."

त्याच्या जागी ती असती तर तीही हेच बोलली असती. म्हणून तिला जास्त राग आला.

खरं सांगायचं तर औषधावर तिचा स्वतःचाही पुरता विश्वास नव्हता. नथू बरा दिसू लागला, अंगावर मांस आलं, दारात बसून दोऱ्या वळू लागला, तेव्हा तिच्या मनानं घेतलं की डॉक्टरानं मुद्दाम जास्त सांगितलंय. अर्ध्यानं भागत असेल तर बाटली पंचवीस दिवस जाईल, आणि दर बारा दिवसांत आपले चार दिवस वाचतील. तिनं कुणाला न सांगता पिचकारी अर्ध्या रेघेपर्यंत भरायला सुरुवात केली. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी नथूनं पाण्याचा हंडा जवळ ओढला. पाचव्या दिवशी सकाळी ती त्याच्या अंथरुणाशी वाकली आणि तिला सडलेल्या जांभळांचा वास आला.

ती बैल सोडायला गोठ्यात धावली, आणि दावणीला एकच बैल आहे हे तिला तिथं गेल्यावर आठवलं. वाल्मीकची गाडी पुन्हा मागावी लागली, आणि या खेपेला त्याचा बैलही. पौडच्या डॉक्टरांनी चार दिवस ठेवून घेतलं आणि तिला चांगलंच सुनावलं. चार दिवस वाचवायला गेली, ते चार आणि वरचे सहा गेले. त्यानंतर पिचकारी पुरी रेघेपर्यंत भरली जाऊ लागली. नथूनं तिला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. त्याला कळलं होतं का नाही, हे तिला कधीच समजलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

बघता बघता ज्येष्ठ आला. सावड बांधायचा दिवस ठरला.

त्या दिवशी सातही घरांचे कर्ते भिवाजीच्या अंगणात जमत. भिवाजी प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवी. ज्यानं तो सगळ्यांदेखत खाल्ला, त्याचं घर सावडीत आलं. मग सालभर त्याला मागं सरता येत नाही, आणि इतरांना त्याला टाकता येत नाही. बोलाचाली काही नाही, गूळ खाल्ला की झालं.

नथूला बोलावणं आलं तेव्हा रत्नाबाईच्या कपाळाला आठी पडली. गेल्या साली तोंडावर नाही म्हणणारा माणूस आज बोलावतो का? तिनं विचार केला आणि तिला भिवाजीचा डाव उमगला. नथूनं गूळ खाल्ला, तर रोग खोटा. मग लोकांपुढं म्हणायला मोकळा, की बघा, साखरेचा आजारी गूळ खातोय. आणि नाही खाल्ला, तर आपल्याच हातानं सावडीबाहेर. दोन्हीकडून दार बंद. या साली पाचही खाचरं पडीक राहिली तर बाटली आणायला हिरडाही पुरणार नव्हता.

ती नथूच्या मागोमाग गेली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. कर्ते ओळीनं बसले होते. खडे वाटत भिवाजी नथूपाशी आला आणि थांबला.

"घे," तो म्हणाला. "का चालत न्हाई?"

नथूनं हात पुढं केला. तो असाच होता, कुणी काही दिलं की हात पुढं करायचा. खडा तळहातावर पडायच्या आत रत्नाबाई पुढं आली आणि तिनं आपला हात त्याच्या हातावर धरला.

"हितं ठिवा, दादा."

"बाईनं गूळ घ्यायची रीत न्हाई."

"आजारी मानसाला रोगाचं औषध सोडून रोगच खायला घालायची तरी कुटं रीत हाय?"

कुणीतरी हसलं. भिवाजीनं तिकडं बघितलं, तसं ते थांबलं.

"राबनार कोन?" भिवाजीनं विचारलं. "लावणीचे तुझे दिस तू भरशील, ते मला ठावं हाय. पर चिखलणीला याच्या जागी कोन? औताला तू हात लावनार व्हय?"

"औताला न्हाई. उरलेला बैल सावडीला देते, वाल्मीकभावजींचा एकटा हाय त्याच्याशी जोडा. आन यांच्या एका दिसाला कापणीचे माजे दोन दिस. सगळ्या घरी."

अंगणात कुजबुज झाली. एकाला दोन हा सौदा सावडीत कधी कुणी केला नव्हता. वाल्मीक म्हणाला, "वैनी, मरशील अशानं."

"आन तू आजारी पडलीस तर?" भिवाजीचे डोळे बारीक झाले. "मग आमी दोन दिस कुणाकडं मागायचं?"

"माजं पानी निळं हाय," रत्नाबाई म्हणाली. "पौडच्या डाक्टरला जाऊन इचारा."

कुणाला काही कळलं नाही, पण ती अशा खात्रीनं बोलली की पुढं कुणी विचारलंही नाही. भिवाजी खडा बोटांत फिरवत हिशोब करू लागला. एका माणसाच्या दिवसाला दोन दिवस, म्हणजे सावडीचा फायदाच. पण एवढा फायदा समोरून चालून येतो तेव्हा त्यात काहीतरी खोट असते, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी त्यानं खडा तिच्या तळहातावर ठेवला. रत्नाबाईनं तो तोंडात टाकला, चावला आणि सगळ्यांना दिसेल असा गिळला.

त्या आषाढात ती सहा घरी लावणीला गेली. पहाटे सुई टोचून, नथूची भाकरी झाकून ती पहिली खाचरात उतरे आणि सगळ्यांत शेवटी वर येई. दरवेळी तिची नजर भिवाजीवर असे. आज तिच्याकडून राबून घ्यायचं आणि उद्या तिची पाळी आली की पाऊस गेला, बैल दमले, असं काहीतरी सांगायचं, असा याचा डाव असणार, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. धोंडाबाई तिच्या शेजारी लावत असे. ती एकदा म्हणाली, "आगं, वर बघतीस किती, रोपं वाकडी लागत्यात."

"तुमच्या मालकावर ध्यान ठिवतीया, आक्का."

"ठिव बाई. मला वीस वर्सं झाली, माज्यानं काय झालं न्हाई."

रत्नाबाईची पाळी सगळ्यांच्या शेवटी आली. श्रावण लागला होता. वाफ्यातली रोपं वाढून पिवळी पडायला आली होती. त्या दिवशी ती तांबडं फुटायच्या आधीपासून बांधावर उभी होती. वाटेवर कुणी दिसेना. तिनं मनात भिवाजीला काय काय ऐकवायचं ते जुळवून ठेवलं.

मग वळणावरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. वाल्मीकची जोडी, तिच्यात तिचा बैल. मागं दुसरी जोडी, तिसरी, चौथी. सगळ्यांत मागून भिवाजी, आपली जोडी घेऊन. सावडीत एका घराच्या पाळीला चार औतं ठरलेली होती. भिवाजीचं धरून पाच झाली.

औतं खाचरात उतरली. नथूला भिवाजीनं चिखल सपाट करायच्या फळीवर बसवलं. बसणाऱ्याच्या भारानं फळी दाबली जाते, पण नथूच्या भारानं ती वरच्या वर घसरू लागली.

"नथू, मांडीवर धोंडा घे रं," भिवाजी ओरडला. "का तुझ्या बायकूला संगं बसवू?"

नथू हसला. कितीतरी दिवसांनी तो चिखलात बसून हसत होता. त्यानं खरोखरच बांधावरचा एक दगड उचलून मांडीवर घेतला.

रत्नाबाईला हसू आलं नाही. ती औतं मोजत होती. पाच. तिनं पुन्हा मोजली. न्याहारीच्या वेळी ती भिवाजीपुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, एक औत जास्ती हाय."

"हाय."

"का?"

"रोपं पिवळी पडल्यात. आज उरकलं न्हाई तर वाया जातील."

"आन म्हनून तुमी फुकट औत घातलं?"

भिवाजीनं भाकरीचा घास तोंडात घातला आणि तिच्याकडं बघत सावकाश चावला. मग म्हणाला, "फुकट कशाला? कापणीला माज्या रानात आणखी दोन दिस यायचं. ठरल्यात त्याच्यावर दोन."

आता रत्नाबाईला हिशोब लागला. फुकट असतं तर तिनं ते औत त्याच पावली माघारी धाडलं असतं, आणि रात्रभर त्यामागचा डाव शोधत बसली असती.

"दोनच," ती म्हणाली.

"दोनच."

तिनं लुगडं वर खोचलं, वाफ्यातून रोपांची मूठ उचलली आणि फळी फिरून गेलेल्या चिखलात उतरून पहिलं रोप टेकवलं.